बेचाळीस ठोके

घाटघरची सव्वासहाची गाडी साडेसहा वाजले तरी राजूरच्या स्टँडवरून हलली नाही, तेव्हा स्टँडवरच्या लोकांना वाटलं, सगुणाबाई आज कामावर आलीच नसावी. सात वर्षं ही गाडी सगुणा भांगरेच चालवत होती आणि सात वर्षांत ती दोन मिनिटंसुद्धा उशिरा सुटलेली नव्हती. पण सगुणाबाई आली होती. चालकाच्या जागेवर बसून, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून ती समोरच्या लाल दिव्याकडे बघत होती.

"चालक अयोग्य," स्टेअरिंगमधून एक गोड आवाज म्हणाला. "कृपया वैद्यकीय मदत घ्या."

"परत धर," मागून कंडक्टर लहानू धिंदळे म्हणाले. "थंडीनं हात गारठलं असतील. चोळ जरा."

सगुणाने हात चोळले, फुंकर घातली, पुन्हा धरलं. दहा सेकंद गेले. पुन्हा लाल.

"गाडी बिघडली का बाई?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"गाडी नाय बिघडली," पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं. "डायवरीन बिघडली."

गाडीभर हशा पिकला. सगुणालाही हसू आलं असतं, पण तेवढ्यात आगारप्रमुख खर्डे साहेब मफलर सावरत आले आणि म्हणाले, "सगुणाबाई, खाली उतरा. दुसरा चालक देतो." उतरताना तिला पायऱ्या तीनच आहेत हे ठाऊक असूनही चौथी शोधल्यासारखं झालं.

डोंगरवाट बससेवेच्या सगळ्या विजेच्या गाड्यांना त्या डिसेंबरात, म्हणजे २०३९ सालच्या डिसेंबरात, नवीन स्टेअरिंग बसवलं होतं. दोन वर्षांपूर्वी एका घाटात गाडी चालवता चालवता चालकाला हृदयविकाराचा झटका आला होता आणि तेव्हापासून प्रवासी गाड्यांसाठी हा नियम झाला होता. स्टेअरिंगवर डाव्या-उजव्या बाजूला रुपेरी पट्ट्या होत्या. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे विजेची एक बारीकशी लाट. ती सगळ्या अंगभर पसरते, अगदी तळहातांपर्यंत. दोन हातांमधला तो विजेचा फरक पट्ट्या टिपत आणि त्याचा आलेख काढत. दवाखान्यात तारा चिकटवून काढतात तोच ईसीजी, फक्त एका बाजूने बघितलेला. आतलं यंत्र हा आलेख त्याला शिकवलेल्या चाळीस लाख आलेखांशी ताडून पाही. जुळला तर हिरवा दिवा आणि गाडी सुरू. नाही जुळला तर गाडीचं चाक हलायचं नाही.

सगुणाचा जुळला नव्हता.

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर फरजाना तांबोळींनी तिला टेबलावर झोपवून बारा बाजूंनी ईसीजी काढला. कागद हातात घेतला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"ठोके बेचाळीस. चक्कर येते कधी? डोळ्यांपुढे अंधारी? घरात कुणी अचानक गेलेलं आहे, तरुणपणी?"

"नाय मॅडम. माझी आजी शहाण्णव वर्षांची होऊन गेली, ती पण झाडावरनं पडून."

"झाडावर काय करत होती?"

"हिरडा झोडत होती."

डॉक्टर हसल्या. मग त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "हे बघ. वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात निरोप जायला तुझ्याकडे जरा जास्त वेळ लागतो. इथे तर निरोप पोचलाच नाही, एक ठोका गळाला. आणि हे सुळके बघ केवढे उंच! कळसूबाईच आहे ही. तू करतेस तरी काय?"

"गाडी चालवते. आणि पळते."

"किती?"

"ड्युटी झाली की धरणाच्या भिंतीपर्यंत जाते नि येते. अकरा किलोमीटर होतं. लहानपणी वाडीतनं शाळेत पळतच जायचो, तवाची सवय हाये. दहा हजार मीटरला राज्यात तिसरी आले होते एकदा."

डॉक्टरांनी तिला उठवलं, छातीला तारांऐवजी एक चिकटपट्टी लावली आणि रुग्णालयाच्या आवाराला सहा फेऱ्या मारायला सांगितल्या. सगुणा चपला काढून पळाली. परत आली तेव्हा डॉक्टरांच्या हातातल्या पडद्यावर ठोके एकशेअठरा होते, प्रत्येक निरोप वेळेवर पोचत होता आणि एकही ठोका गळत नव्हता. सोनोग्राफीत हृदय दिसलं ते थोरलं, जाड भिंतींचं आणि मस्त पंप मारणारं.

"ऐक," डॉक्टर म्हणाल्या. "रोज मोठी पळणारी माणसं असतात ना, त्यांचं हृदय एका ठोक्यात इतकं रक्त ढकलतं की त्याला घाईच उरत नाही. मेंदूतून हृदयाकडे एक नस येते, व्हेगस नावाची, ती त्याला सारखी सांगते, हळू, हळू. म्हणून ठोके कमी, म्हणून निरोप सावकाश, म्हणून एखादा गळतोसुद्धा. कामाला लागलं की हृदय त्या नसेचं ऐकत नाही आणि सगळं सुरळीत होतं. आजारी हृदयात नेमकं उलटं होतं, कामाला लागलं की बिघाड वाढतो. तुझं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे. लिहून देते तसं."

त्यांनी सहीशिक्क्यासह लिहून दिलं. खर्डे साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि हताशपणे टेबलावर ठेवलं.

"मला पटलं हो, सगुणाबाई. पण गाडी मी सुरू करत नाही, यंत्र करतं. आणि यंत्राला वाचता येत नाही."

तोडगा काढला तो लहानूमामांनी. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला हा माणूस, गाडीत तिकिटापेक्षा गप्पाच जास्त फाडायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "पळाल्यावर तुझा कागद चांगला येतो ना? मग पळ की!"

सगुणाने गाडीला बारा फेऱ्या मारल्या. लहानूमामा दारात उभे राहून मोजत होते, खिडक्यांमधून प्रवासी डोकावत होते. बाराव्या फेरीला ती उडी मारून वर चढली आणि स्टेअरिंग धरलं. हिरवा! धावत्या गाडीत ठोक्यांत एकदम मोठा बदल झाला तरच यंत्र ओरडे, त्यामुळे खरी परीक्षा सुरुवातीच्या दहा सेकंदांचीच होती.

पुढचे नऊ दिवस राजूरच्या स्टँडवर सकाळी सहाला मौज होती. चहावाला आपली टपरी सोडून येई. कुणी शिट्ट्या वाजवी, कुणी "अजून दोन!" म्हणून ओरडे. शाळेत जाणाऱ्या चार पोरी तिच्या मागून पळायला लागल्या. सगुणाला लाज वाटे आणि मजाही वाटे. दहाव्या दिवशी पुण्याहून, यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडून पत्र आलं. गाडी सुरू करताना या चालकाचे ठोके दररोज असाधारण वाढलेले आढळतात. चालक तीव्र मानसिक तणावाखाली असावा. तीन महिने स्टेअरिंगपासून दूर ठेवावे.

"आधी कमी म्हणून नको, आता जास्त म्हणून नको," लहानूमामा कडाडले. "माणसानं धडधडावं तरी किती, एकदा सांगून टाका म्हणावं!"

खर्डे साहेबांनी तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं आणि खासगीत सांगितलं, "मी डॉक्टरांना विचारलंय. पळणं थांबवलं की हृदय दोनेक महिन्यांत साधं होतं म्हणे. चारचौघांसारखं. थांबवा ना. तीन महिन्यांनी आलेख हिरवा येईल, गाडी तुमची. पळून काय मिळतं तुम्हाला?"

गाडी तिने मोठ्या कष्टाने मिळवली होती. घाटात गाडी हाकणारी तालुक्यातली ती पहिली बाई. तिने पळण्याचे बूट पोत्यात बांधून माळ्यावर टाकले.

घरात मात्र भलतंच झालं. यंत्राने तिला अयोग्य म्हटल्याची बातमी तिच्या गावी, उंबरवाडीत पोचली ती "सगुणाच्या काळजात दोष हाये" अशी होऊन. सासूबाईंनी तिच्या हातून हंडा काढून घेतला. नववीतली मैना दप्तर ठेवण्याआधी आईला "तू बसलीयेस ना?" असं विचारू लागली. आणि नवरा, देवराम, पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला असलेला, आवाज चढवल्याशिवाय ज्याला मीठसुद्धा मागता येत नसे, तो हळू बोलू लागला. चहा पांचट झाला तरी पिऊन टाकी. ओला टॉवेल तिने चुकून त्याच्या उशीवर टाकला तेव्हा त्याने तो उचलून दोरीवर वाळत घातला.

"अहो, बोला ना काहीतरी," सगुणा म्हणाली.

"कशाला? असू दे. तू आराम कर."

तिच्या अंगावर काटा आला. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, हा माणूस एवढा गोड कधीच वागला नव्हता. आपण खरंच मरायला टेकलोय की काय? ती छातीवर हात ठेवून ठोके मोजायला लागली. बसल्या बसल्या, खिडकीत लोकांना वेळा सांगता सांगता मोजायची. पन्नास. त्रेपन्न. साठ. मोजलं की ठोके वाढत, वाढले की भीती वाटे. चांगली वाघासारखी बाई घाबरट झाली.

आठव्या आठवड्यात खर्डे साहेबांनी तिला रिकाम्या गाडीत बसवून पाहिलं. स्टेअरिंग धरलं, दहा सेकंद गेले आणि न पळता, न उड्या मारता, शांत बसल्या जागी दिवा हिरवा झाला. ठोके चौसष्ट, एकही न गळता.

"चालक योग्य," गोड आवाज म्हणाला.

पुण्याच्या पत्रातले तीन महिने भरले आणि तिला सव्वासहाची गाडी परत मिळाली. लहानूमामांनी पेढे वाटले. घाटाची वळणं तिच्या हातांना आठवत होती, गाडी झोकात गेली. सगुणा खूश होती. चार दिवस खूश होती.

पाचव्या दिवशी सुट्टी होती म्हणून ती वरच्या वाडीला बहिणीकडे निघाली. वाट उभी चढणीची, पण तिची पाठ असलेली; डोक्यावर पाटी घेऊन, बोलत बोलत चढायची ती. त्या दिवशी अर्ध्या चढावर तिला थांबावं लागलं. धाप लागली होती. पोटऱ्या भरून आल्या होत्या. ती एका दगडावर बसली आणि खाली पसरलेलं धरणाचं पाणी बघत राहिली. आजारी होते तेव्हा मी हा डोंगर पळत चढायचे, तिच्या मनात आलं, आणि बरी झाले तर बसून चढतेय. तिला एकटीलाच मोठ्याने हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले.

घरी येऊन तिने माळ्यावरचं पोतं काढलं.

देवरामने बूट बघितले. "हे काय?"

"उद्यापासनं पळणार मी."

"यंत्र लाल होईल."

"होऊ दे."

"गाडी जाईल."

"जाऊ दे."

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?" देवरामचा आवाज तीन महिन्यांनी पहिल्यांदा चढला. "आत्ता कुठं बरी झालीस! सुखासुखी हातातली गाडी घालवतीस? आणि काळजाला काही झालं मग? मी काय करायचं? पंपावर बसून रडायचं?"

"मला काय बी झालं नव्हतं! डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, तुम्ही ऐकलं का? स्टेअरिंगनं सांगितलं तेच तुम्हाला खरं! बायकोपेक्षा स्टेअरिंग जवळचं!"

"स्टेअरिंगला मी कशाला मानू! तू गपचूप पडून राहिलीस, म्हणून मी घाबरलो!"

अर्धा तास जुंपली. मैना दारात उभी राहून आळीपाळीने दोघांकडे बघत होती. सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "झालं बाबा, घर जाग्यावर आलं," आणि सगुणाला हंडा भरून आणायला सांगितलं.

ती पळू लागली. स्टेअरिंगवरचा आकडा रोज थोडा थोडा उतरू लागला. अठ्ठावन्न. चौपन्न. एक्कावन्न. पन्नासच्या खाली लाल, हे तिला माहीत होतं. सातव्या आठवड्यात एका सकाळी लाल दिवा लागला तेव्हा तिने फेऱ्या मारल्या नाहीत. खाली उतरली, सरळ खर्डे साहेबांकडे गेली आणि म्हणाली, "साहेब, दुसरा चालक द्या. पण या वेळी कंपनीच्या माणसाला इथं बोलवा. मला त्यांच्याशी बोलायचंय. मी आजारी नाय, आणि आता आजारी व्हायची पण नाय."

खर्डे साहेबांनी स्वतःच्या नावाने पत्र लिहिलं. डॉक्टर तांबोळींनी त्याला एक जाडजूड पुरवणी जोडली. गेले पाच महिने त्या तपासणीला येणाऱ्या धडधाकट माणसांचेही आलेख काढत होत्या. वरच्या वाड्यांतल्या एकशे शहाऐंशी माणसांपैकी एक्क्याण्णव जणांचे आलेख यंत्राच्या लेखी लाल होते.

पुण्याहून ऋजुता पेंडसे आली. तिशीही न उलटलेली, यंत्राला आलेख जिने शिकवले तीच. आठवडी बाजाराचा दिवस होता. तिने एक रिकामी गाडी स्टँडच्या कडेला लावून घेतली आणि म्हणाली, "ज्यांना वाटेल त्यांनी धरून बघा."

बाजारकरांची रांग लागली. स्टेअरिंग आयुष्यात पहिल्यांदा धरायला मिळतंय म्हणून म्हातारे पुढे, पोरं पुढे. नवलेवाडीचा किराणा दुकानदार हिरवा. तलाठी हिरवा. डोक्यावरून लाकडं आणलेली बाई लाल. शेळ्या राखणारा लाल. बासष्ट वर्षांच्या हौसाबाई गोडे लाल, आणि त्या गोड आवाजाला म्हणाल्या, "तुझाच जीव बरा नसंल गं." ऋजुताने स्वतः धरलं, हिरवा.

"मॅडम," सगुणा म्हणाली, "वरच्या वाडीला जाऊन येऊ? तुम्ही, मी आणि हौसाबाई. जास्त नाय, चार किलोमीटर."

हौसाबाईंच्या पाटीत आठवड्याचा बाजार होता. त्या चढता चढता ऋजुताला विचारत होत्या, लग्न झालंय का, घरी कोण कोण असतं, पुण्यात कांदा कसा मिळतो. पहिल्या टप्प्यावर ऋजुता उत्तरं देत होती. दुसऱ्यावर नुसती मान हलवत होती. तिसऱ्यावर खाली बसली, लालबुंद झालेली. मनगटावरची पट्टी ठोके एकशे ब्याऐंशी दाखवत होती.

"तुमचे किती?" तिने धापा टाकत विचारलं.

सगुणाने पट्टी आपल्या मनगटाला लावून पाहिली. शहाण्णव. हौसाबाईंचे एकशेचार. हौसाबाईंनी पाटी उतरवून पोरीला पाणी दिलं. "बस हो. घाई नाय. हिरवी हायेस ना तू? मग होईल बरं."

ऋजुता इतकी हसली की तिला ठसकाच लागला.

"चाळीस लाख आलेख शिकवले आम्ही त्याला," श्वास बसल्यावर ती म्हणाली. "सगळे मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांचे. तिथे येतो कोण? आजारी माणूस, नाहीतर खुर्चीत बसून काम करणारा माणूस. त्यामुळे त्याच्या लेखी निरोगी म्हणजे खुर्चीतला. असं हृदय त्याने बघितलंच नाही, आणि जे बघितलं नाही ते त्याला आजार वाटतं."

"मग बंद करा ते," सगुणा म्हणाली.

"बंद नाही करता यायचं, ताई. गेल्या वर्षभरात त्यानं राज्यात इतर ठिकाणी अकरा चालकांना वेळेवर दवाखान्यात धाडलंय. ते अकरा जण आज जिवंत आहेत. पण त्यानं तुम्हाला चाळीस लाख लोकांशी ताडायचं कारण नाही. तुम्हाला तुमच्याशीच ताडायला पाहिजे. आधी डॉक्टरांनी तपासून निरोगी ठरवायचं, मग दोन आठवडे तुमचा नेहमीचा आलेख टिपायचा. बसलेला, पळालेला, रागावलेला. त्याहून वेगळं काही दिसलं तरच लाल."

"रागावलेला घरी यायला लागेल टिपायला," सगुणा म्हणाली.

काम दोन आठवड्यांचं, पण ते मंजूर व्हायला पाच महिने गेले. कागद पुण्याहून मुंबईला गेले, परत आले, एकदा तर कुठल्याशा कपाटात राहिले. खर्डे साहेब स्वतः जाऊन ते काढून घेऊन आले. कंपनीने चूक झाली असं कुठेही म्हटलं नाही. "सुधारित आवृत्ती" एवढंच म्हटलं. तिच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर मात्र ऋजुताने आग्रहाने दोन आलेख छापून घेतले होते, एक सगुणाचा, एक हौसाबाईंचा, आणि खाली लिहिलं होतं: निरोगी. सगुणा तोवर चौकशीच्या खिडकीत बसून होती, आणि रोज संध्याकाळी धरणाच्या भिंतीपर्यंत पळत होती. आता तिच्याबरोबर मैना असे, पहिल्या दोन किलोमीटरपुरती.

नवी आवृत्ती सुरू झाली त्या सकाळी स्टँडवर दाट धुकं होतं. लहानूमामांनी मुद्दाम सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, टाळ्या वाजवायच्या म्हणून. सगुणा आत येऊन बसली, पदर खोचला, स्टेअरिंग धरलं. दहा सेकंद. तिने श्वास रोखला होता.

"ठोके बेचाळीस," गोड आवाज म्हणाला. "चालक योग्य."

टाळी एकही वाजली नाही. मागे दोन बायकांचं खिडकीच्या जागेवरून कडाक्याचं भांडण जुंपलं होतं, कोंबड्यांची पाटी मधल्या वाटेत ठेवायची की नाही यावर सगळी गाडी तावातावाने बोलत होती, आणि लहानूमामा दोघींच्या मध्ये उभे राहून न्याय करत होते. पुढे हिरवा दिवा लागलाय याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. एक म्हातारा तेवढा ओरडला, "ए बाई, निघणार की नाय? सव्वासहा झालं!"

"निघाले, बाबा," सगुणा म्हणाली, आणि गाडी घाटाकडे वळवली.